मामाच्या ऑर्गनमधली आगगाडी

दिवाळी सरली, धान पिवळं पडलं, की माझं डोकं फिरायला लागतं. इतरांना या दिवसांत काय काय आठवतं म्हणे. कोवळं ऊन, तणशीचा म्हणजे भाताच्या पेंढ्याचा वास, शेताच्या धुऱ्यावर बसून खाल्लेली शिदोरी. वास मलाही येतो, नाही असं नाही. पण त्या वासाबरोबर मला आठवते ती संगणकाच्या पडद्यावरची एक ओळ : ‘लिहिण्याची सोय प्रायोगिक आहे. स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी.’ ओळ माझीच. मीच लिहिली, मीच जगापुढे ठेवली. आता शेतात पहिलं हार्वेस्टर घरघरलं की ती डोळ्यांपुढे येते आणि चहा कडू लागतो.

आज सकाळीही तेच झालं. दारावरून ऑटो गेला. वर भोंगा, भोंग्यातून भसाड्या आवाजात मंडईचं आमंत्रण आणि नाटकाची जाहिरात. आमच्या गोंदियाकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा ती. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, पाळणे लागतात, जिलेबीच्या कढयांवर माशा आणि पोरं सारख्याच संख्येने जमतात, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचा नाच होतो. आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. नाटक नसलेल्या मंडईला आमच्याकडे पाहुणेसुद्धा नाक मुरडून जातात. भिंतीभिंतीवर पोस्टरं लागतात, त्यांवर नायिकेचे डोळे बैलांच्या डोळ्यांएवढे असतात.

तर माझे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ टीकाराम, गावच्या नाट्यमंडळात ऑर्गन वाजवतात. त्यांचं गाव सौंदडपासून सायकलीच्या अंतरावर. आई आणि मी सौंदडला राहतो. मी कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे गावाच्या लेखी मी रिकामीच असते. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मोबाईलमधले फोटो गेले, की ‘ते घरीच बसली राहते’ म्हणून लोक माझ्याकडे येतात. संगणकाच्या कर्नेलवर काम करते असं सांगून पाहिलं, कुणाला काही कळलं नाही. मग मी सांगणंच सोडलं.

मामांचा ऑर्गन म्हणजे खरं तर परदेशी बनावटीचा एक जुना कीबोर्ड. नागपूरच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्राने टाकून दिलेला, मामांनी आणलेला. त्याची खुबी अशी की त्यात बाहेरचे आवाज भरता येतात. शहनाई, देवळातली घंटा, पाऊस, घोड्याच्या टापा, नागझिऱ्याच्या बाजूने कुणीतरी भरून आणलेली वाघाची डरकाळी, सगळं एकेका पट्टीवर बसवलेलं. उजव्या हाताने गाणं वाजवता वाजवता मामा डाव्या करंगळीने पाऊस पाडतात. हे आवाज आतल्या डिस्कवर असतात, आणि ती डिस्क कशी मांडायची हे ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या डोक्याने ठरवलेलं. कंपनी केव्हाच बुडाली. मांडणीचं गुपित बरोबर घेऊन बुडाली.

काही वर्षांपूर्वी ती डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा मी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. डिस्क कुठलीही लावा, तिच्यावर काय कुठे ठेवलंय हे त्याला समजावून सांगणारा एक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. माझा दुभाष्या फक्त वाचायचा. डिस्क मरायच्या आत आम्ही ती जशीच्या तशी एका कार्डावर उतरवली, कार्ड ऑर्गनमध्ये बसवलं, एक प्रत माझ्याकडे ठेवली, आणि मामांचा पाऊस पुन्हा पडू लागला. सगळे खूश. तिथेच थांबायला हवं होतं.

पण पुढच्या सालच्या नव्या नाटकात आगगाडी होती. रेल्वे फाटकावरच्या गेटमनच्या घराची गोष्ट, आणि गाडी हीच तिच्यातली खलनायिका. अंकाअंकाला ती यायची. ऑर्गनमध्ये गाडीचा आवाज नव्हता, आणि नवा आवाज आत घालायची जी फ्लॉपीची खाच होती ती कधीचीच निकामी झालेली. मंडळाचे व्यवस्थापक खेमराजभाऊ सरळ माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, गाडी वाजत असेल तर ऑर्गन, नाही तर टुकेशचा लॅपटॉप. टुकेश म्हणजे शेजारच्या गावचा डीजेवाला. बटण दाबलं की त्याच्याकडे जगातला कुठलाही आवाज तयार. म्हणजे प्रश्न गाडीचा नव्हताच. मामा त्या वर्षी रंगमंचाच्या डाव्या अंगाला आपल्या जागेवर बसणार की प्रेक्षकांत चटईवर, हा प्रश्न होता. आणि एकदा चटईवर बसलेला वादक पुन्हा वर जात नाही, हे मामांना माहीत होतं आणि मलाही.

‘तुम्हीच लॅपटॉप घ्या ना,’ मीही म्हणून पाहिलं.

‘तो बटन दाबते अना वाजते,’ मामा म्हणाले. ‘मी वाजवतो, बाई.’

मग गोंदियाला नेऊन फ्लॉपीची खाच दुरुस्त होते का पाहिलं. दुकानदाराने ऑर्गन उलटासुलटा करून पाहिला आणि दया आल्यासारखं हसला. ‘मॅडम, ये तो म्यूजियम में रख दो. नया ले लो, सब रेडीमेड आता है.’ मी त्याच्या हातातून ऑर्गन जवळजवळ हिसकावून घेतला.

आता मामांची आणि माझी एक वेगळीच अडचण सांगायला हवी, त्याशिवाय माझ्या संतापाचं मूळ कळणार नाही. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी चालायला लागले तेव्हापासून हे आता पांढरं झालेलं डोकं माझ्या पावलांशी वाकतंय. भाचीला रागवायचं नाही, भाचीला ‘तू चुकलीस’ म्हणायचं नाही, आणि भाचीला काम सांगणं तर पापच. मामांना माझ्याकडून काही हवं असलं की ते मला सांगतच नाहीत. ते भिंतीला सांगतात. मी समोर खाटेवर बसलेली असते आणि मामा गोठ्याच्या कुडाकडे बघून बोलतात, ‘वाचता येऊन राहिलं, तं लिवता काऊन येत नसन बाप्पा? कोणाले येत असन तं बरं होते.’ मग कुडाने उत्तर द्यायचं की मी?

आणि प्रश्न किती चिडवणारा! वाचता येतं तर लिहिता का येत नाही? अहो, वाचताना कुणाचं काही बिघडत नाही. कुठे काय ठेवलंय एवढं कळलं की काम झालं. लिहायचं म्हटलं की आधी रिकामी जागा शोधा, ती खरोखर रिकामी आहे याची खात्री करा, तिथे माल ठेवा, यादीत नाव घाला, जागा भरल्याची खूण करा, आणि हे सगळं अशा क्रमाने की मधेच वीज गेली तरी आधीचं काही मोडू नये. कंपनी गुपित घेऊन बुडालेली. प्रत्येक खुणेचा अर्थ मी कार्डाच्या पोटात डोकावून अंदाजाने लावायचा. हे सगळं मी मामांना समजावलं. मामांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि कुडाला म्हणाले, ‘म्हणजे येते. वेळ लागते फक्त.’

मी कामाला लागले. करत होते ते काम जगापुढे ठेवायची आमच्या धंद्यात रीत आहे. देशोदेशीचे जाणकार ते वाचतात, चुका काढतात, पसंत पडलं तर कर्नेलमध्ये घेतात. माझ्या वाट्याला आला एका थंड देशातला एक गृहस्थ. तोंडावर कधी हसू आलं असेल असं त्याच्या पत्रांवरून वाटत नाही. पहिल्यांदा त्याने काम परत पाठवलं ते ओळींच्या शेवटी उगाच मोकळ्या जागा राहिल्या म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं, हे कर्नेलमध्ये हवंच कशाला? बाहेरच्या साध्या प्रोग्रामने भागणार नाही का? भागलं असतं. पण वाचणारा दुभाष्या आधीपासून कर्नेलमध्ये होता, आणि मला कुणी ‘कशाला’ विचारलं की माझं आधीच ठरून गेलेलं असतं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, लिहिता लिहिता अचानक वीज गेली तर काय होतं, याची चाचणी केली आहे का? या पत्राचं उत्तर मी फार आनंदाने दिलं. लिहिलं, ‘आमच्याकडे ती चाचणी रोज होते. वेळ मी ठरवत नाही.’

गाडीचा आवाज आणायला मामा आणि मी दरेकशाला गेलो. इंटरनेटवर गाड्या पुष्कळ, पण त्या आपल्या नव्हेत. रुळांच्या कडेला जन्म गेलेल्या माणसांना परदेशी शिट्टी ऐकवली तर ते नाटक सोडून शिट्टीलाच हसतील, असं मामांचं म्हणणं, आणि या बाबतीत माझंही तेच. गोंदियाला गाडी बदलून आम्ही दरेकशाला उतरलो. डोंगर, सागवान, जवळच बोगदा. मामांनी माझी पिशवी मला उचलू दिली नाही. स्वतःची एका खांद्यावर, माझी दुसऱ्या, मायक्रोफोनचा खांब काखेत, आणि मी मोकळ्या हातांनी मागे. बघणाऱ्यांना मी कुणी बडी अधिकारी वाटले असेन.

पहिली मालगाडी बोगद्यातून निघाली तेव्हा मामांना शिंक आली. दुसरी आली तेव्हा सीताफळांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने नेमकं विचारलं, काय करताय म्हणून. मामांनी सांगितलं, गाडीचा आवाज भरून नेतोय. ती खोखो हसली. ‘तुमन आवाज ला ले जाहू, त हमन का सुनबो?’ तुम्ही आवाज नेला तर आम्ही काय ऐकायचं! मी दात आवळून बसले होते, कारण तो प्रश्न आणि ते हसू दोन्ही गाडीच्या आवाजात पक्की बसली होती. तिसरी गाडी मात्र सुरेख आली. आधी नुसता रुळांचा कंप, मग बोगद्याच्या घशातून फुगत येणारा घोष, मग एकदम उघड्यावर फुटलेला खडखडाट. मामा डोळे मिटून उभे होते. गाडी गेल्यावर म्हणाले, ‘हे बराबर झाली.’ सीताफळवालीने आम्हाला दोन फळं फुकट दिली. वेळ खाल्ला म्हणून असावीत.

मग लिहिण्याचा दिवस. त्याआधी मी चाचण्या घेतल्या नाहीत असं कुणी म्हणू नये. भरपूर घेतल्या. चाचणीसाठी एक कोरी डिस्क तयार केली, म्हणजे कोरी डिस्क मांडून देणारा एक छोटा प्रोग्रामही लिहिला. तिच्यावर हजार वेळा लिहिलं, पुसलं, वीज घालवली, आणली. सगळं जिथल्या तिथे. आता सांगते तेव्हा हसू येतं आणि कपाळावर हात मारावासाही वाटतो. डिस्क मांडणारी मी, तिच्यावर लिहिणारी मी, बरोबर लिहिलं का तपासणारीही मीच. एकाच डोक्याने प्रश्न काढले, त्याच डोक्याने उत्तरं दिली, त्यानेच पैकीच्या पैकी मार्क दिले.

मामांच्या कार्डावर गाडी लिहिली. ऑर्गनमध्ये घातलं. पट्टी दाबली, गाडी आली. मामांनी दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, बाकीचे आवाज एकदा वाजवून बघा. ‘कायले?’ मामा म्हणाले. ‘भाचीनं केलं, मंग का पाहाचं त्यात?’ असा विश्वास टाकणाऱ्या माणसाचं काय करावं, मला आजही कळत नाही.

तालीम समाजमंदिरात होती, भर दुपारी. बाहेरगावाहून नायिका आली होती. गावातली अर्धी माणसं खिडक्यांना लटकलेली. पहिल्या अंकात गाडी आली, आणि काय आली! खिडकीतल्या पोरांनी मागे वळून रुळांकडे पाहिलं. खेमराजभाऊंनी टाळ्या वाजवल्या. टुकेशनेही वाजवल्या, मनापासून. माझी छाती फुगली.

दुसऱ्या अंकात गेटमनची म्हातारी आई मरते. नायिका तिच्या उशाशी बसून रडते आणि मागे शहनाई. मामांनी डोळे मिटून शहनाई धरली. दोन सूर ओले, काळजाला हात घालणारे, आणि तिसऱ्या सुरातून मालगाडी धडधडत निघाली. मामांनी दचकून हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा गाडी. त्यांनी घाईने देवळाची घंटा दाबली. घंटा एकदा टण्ण वाजली आणि तिच्या पाठोपाठ डबे खडखडत गेले. पाऊस दाबला, पावसात गाडी. वाघ दाबला. वाघाने डरकाळी फोडली आणि शेवटी रुळांवर गेला. आता मेलेली म्हातारीसुद्धा हसत होती. नायिका पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळलेली. खिडक्यांतून हशाच्या लाटा येत होत्या.

मामा हसले नाहीत. त्यांनी ऑर्गन बंद केला. खेमराजभाऊ जवळ आले, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘टीकारामभाऊ, औंदा टुकेशले बसू द्या जी. पुढच्या साली पाहू.’

‘बराबर आहे,’ मामा म्हणाले. ऑर्गनवर त्यांनी निळा कपडा पांघरला. मग सगळ्या माणसांमधून माझ्याकडे आले. मी मनाशी म्हणत होते, बोला. एकदा तरी बोला. वाट लावली म्हणा, कुणी सांगितले होते हे धंदे म्हणा, काहीही म्हणा. मामा वाकले आणि माझ्या पाया पडले. ‘माह्यासाठी तुले बहुत तरास झाला, बाई.’

मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. ज्या माणसाची जागा माझ्या हाताने गेली त्याने माझ्याच पाया पडावं, याहून मोठी शिक्षा कुठली? शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, भांडणातून काहीतरी निघालं असतं. पाया पडलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी घरी आले आणि आईवर उखडले. आई म्हणाली, ‘मंग का करन तो? भाची आहेस तू त्याची.’

पुढचे दिवस मी मुकाट्याने स्वतःचं लिखाण पुन्हा पुन्हा वाचत होते. चूक कुठे दिसेना. दिसणार कशी? माझ्या कोऱ्या डिस्कवर सगळं अजूनही चोख चालत होतं. शेवटी जे झालं ते सगळं त्या थंड देशातल्या गृहस्थाला लिहून पाठवलं. शहनाईतून मालगाडी निघाली हे इंग्रजीत लिहिताना फार अपमान झाला.

त्याचं उत्तर आलं तेव्हा मी मामांच्या शेतात होते. तिथल्या उंच धुऱ्यावर मोबाईलला रेंज येते, म्हणून मी तिथे जाऊन उभी राहायची. मामांच्या बांधीतलं, म्हणजे धुऱ्यांच्या आतल्या वाफ्यातलं, धान हाताने कापून झालेलं. कापायच्या आधीच त्यांनी उभ्या धानात लाखोरी डाळीचं बी फेकलेलं, आणि आता खुंटांमधून तिची बोटभर कोवळी रोपं वर आली होती. लांबून बघणाऱ्याला बांधी अगदी रिकामी दिसते. पलीकडच्या शेतात हार्वेस्टर चालू होतं. त्याच्या चालकाने वळायला जागा हवी म्हणून ते धूड सरळ मामांच्या बांधीत घातलं.

आणि मामा सुटले. कंबरेचा शेला सोडून हातात घेत धुऱ्यावरून धावत गेले. ‘थांब! थांब म्हनलं ना! डोळे का घरी ठेवून आला? लाखोरी दिसत नाही तुले? कोन्या अकलेनं गाडी घातली अंदर? उतर, पयले खाली उतर!’ चालक बिचारा परप्रांतातला. ‘काका, खेत तो खाली था ना?’ म्हणत राहिला. ‘खाली तुहं डोस्कं!’ मामा गरजले. त्याच्या मालकाला, मालकाच्या मालकाला, यंत्र बनवणाऱ्याला, सगळ्यांना त्यांनी एका दमात घेतलं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. इतका सुंदर, इतका भरघोस रागावणारा माणूस, आणि माझ्या वाट्याला त्यातलं अक्षरही नाही. खरं सांगते, मला त्या चालकाचा हेवा वाटला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. गृहस्थाचं पत्र. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एवढंच : ‘जागांच्या नकाशात एक म्हणजे भरलेली आणि शून्य म्हणजे रिकामी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

कुणी सांगितलं? कुणीच नाही. सगळे तसंच करतात म्हणून मीही तसंच धरून चालले होते. वाचणाऱ्या दुभाष्याला त्या नकाशाकडे कधी बघावंच लागलं नव्हतं. रिकामी जागा कुठे आहे याच्याशी वाचणाऱ्याला काय देणंघेणं? आणि बुडालेल्या त्या कंपनीने खुणा उलट्या ठेवल्या होत्या, भरलेलं ते शून्य, रिकामं ते एक. म्हणजे माझ्या ड्रायव्हरने जिथे जिथे मामांची शहनाई, घंटा, पाऊस होता, नेमक्या त्याच जागा मोकळ्या समजून तिथे मालगाडी नेऊन ठेवली होती. माझ्या कोऱ्या डिस्कवर खुणा मीच घातलेल्या, माझ्याच समजुतीने. त्या कशाला माझ्याशी भांडतील? धुऱ्यावर उभं राहून मी त्या गृहस्थाला, बुडालेल्या कंपनीला आणि स्वतःला, तिघांनाही मामांच्या तोडीच्या शिव्या दिल्या. पाखरं उडाली.

दुरुस्ती एका ओळीची. त्या ओळीतल्या एका चिन्हाची. ती पाठवली, वर ‘प्रायोगिक’ची ओळ घातली, आणि गृहस्थाने काम कर्नेलमध्ये घेतलं. मूळ प्रत कार्डावर पुन्हा उतरवली, गाडी पुन्हा लिहिली. या खेपेला मामांना खाटेवर बसवलं आणि म्हटलं, प्रत्येक पट्टी माझ्यासमोर वाजवा, नाही तर मी इथून हलत नाही. त्यांनी भाचीचा शब्द म्हणून वाजवल्या. शहनाईत शहनाईच होती. वाघ वाघासारखा ओरडून गप्प झाला. नंतर मी खेमराजभाऊंकडे गेले, एकटी, आणि त्यांनी ‘ये बाई, बस’ म्हणायच्या आत सांगून टाकलं, चूक माझी होती, मामांची नव्हती, एकदा ऐका. ते म्हणाले, मंडईच्या दिवशी दुपारी मंडपात आवाज तपासू तेव्हा आणा. टुकेश तयार राहीलच.

गेल्या आठवड्यात त्या गृहस्थाच्याच जमातीतल्या कुणा नव्या माणसाचं पत्र आलं, की हा ड्रायव्हर कुणी वापरत नसणार, जुनाट आहे, वरून ‘प्रायोगिक’ शिक्का आहे, काढून टाकावा का? मी ‘हात लावू नका’ एवढंच लिहिलं. शिक्का काढायचंही म्हणतात लोक. तोही मी काढत नाही. ज्याला शहनाईतून मालगाडी ऐकायची नसेल त्याने ती ओळ वाचून घ्यावी.

तर त्या सालच्या मंडईच्या दिवशी दुपारी ऊन चटकत होतं. मंडपात म्हाताऱ्या बायांनी जागा धरायला आत्ताच चटया अंथरल्या होत्या आणि त्या चटयांवर पाय पसरून त्या सुपारी कातरत होत्या. एका कोपऱ्यात टुकेश, मांडीवर लॅपटॉप. रंगमंचाच्या डाव्या अंगाला मामांचा ऑर्गन. मी आणि आई पुढच्या खुर्च्यांवर बसलो.

मामांनी शहनाई धरली. दोन सूर, तीन, चार, पूर्ण ओळ. कुणी हसलं नाही. घंटा, पाऊस, घोडा. मग त्यांनी खेमराजभाऊंकडे पाहिलं आणि शेवटची पट्टी दाबली. क्षणभर काहीच नाही. आणि दरेकशाचा बोगदा उघडला. मंडपाचे बांबू थरथरले, चटयांवरच्या म्हाताऱ्यांनी पसरलेले पाय झटकन आखडून घेतले, एकीच्या हातून अडकित्ता पडला. गाडी मंडपातून पूर्ण, शेवटच्या डब्यापर्यंत गेली.

टुकेशने लॅपटॉप मिटला. ‘हे माह्याजवळ नाही, भाऊ,’ तो खेमराजभाऊंना म्हणाला. खेमराजभाऊंनी मामांना नुसतं ‘बसा तिथंच’ म्हटलं आणि पडद्याची दोरी बघायला निघून गेले.

मामा मात्र ऑर्गनवरच वाकलेले. त्यांनी पट्टी पुन्हा दाबली, ऐकली, पुन्हा दाबली. कपाळाला आठ्या. मग मान वर न करता माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘गाडी मागून येऊन राहिली. मी दाबतो तवा येतच नाही. हे नाही चालत. रातच्या नाटकाच्या आत दुरुस्त करजो.’

मला कारण लगेच कळलं. माझ्या ड्रायव्हरने गाडी तुकड्या-तुकड्यांनी जिथे जागा मिळेल तिथे ठेवली होती, आणि ते जुनं यंत्र तुकडे गोळा करता करता मागे पडत होतं. पण मी काही बोलायच्या आत आई खुर्चीतून उठली होती. ‘दादा! भाचीले काम सांगून राहिला तू? तेही असं डाफरून?’

मामा भानावर आले. चेहरा पार उतरला. ऑर्गन सोडून ते खाली आले आणि माझ्यासमोर वाकायला लागले. मी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

‘पाया मंग पडजा, मामा,’ मी म्हटलं. ‘पयले सांगा, किती मागून येऊन राहिली?’

मामा वाकलेले तसेच थांबले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सरळ उभे राहिले.

‘अर्धी मात्रा,’ म्हणाले. ‘अना शिट्टीही जरा वाढवजो.’